आठव्या दिवसाची खूण

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी ओसरीवर पणत्या पुसत बसलो होतो. इतक्यात फाटक वाजले आणि माझा एक जुना विद्यार्थी आत आला. भिंगारचा मुलगा. वर्गात असताना त्याला सनावळ्या पाठ असायच्या आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. आता तो गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान चालवतो. मिठाईचा पुडा त्याने पुढे ठेवला आणि म्हणाला, "गुरुजी, मुलगा झाला."

अभिनंदन झाले, चहा झाला, तरी तो उठेना. शेवटी मीच विचारले, तेव्हा पोटातले ओठावर आले. बाळाला जन्मतःच थोडी कावीळ झाली होती म्हणून आठ दिवस दवाखान्यात दिव्याखाली ठेवले होते. उद्या घरी सोडणार. दवाखान्यातला एक माणूस म्हणाला होता, आला आहात तर सुंताही उरकून टाका, पुन्हा खेपा नकोत. दादीला ते मुळीच पसंत नव्हते. पाचव्या-सातव्या वर्षी पोराला नवरदेवासारखे नटवायचे, घोड्यावर बसवायचे, जेवण घालायचे, हे सगळे चुकवून कुठे दवाखान्यात चोरासारखे करायचे! आणि बायकोचे म्हणणे तिसरेच. ती शिकलेली आहे. तिने विचारले, ज्याचे अंग त्याला विचारल्याशिवाय करायचेच कशाला?

"तुम्ही इतिहासावर कादंबऱ्या लिहिता. तुम्ही काय म्हणता?"

आता माझे शिक्षण मॅट्रिकचे. मी ना डॉक्टर, ना मौलवी. शिवाय जो विधी माझ्या घरात होत नाही त्याबद्दल दुसऱ्याच्या घरात तोंड घालू नये, एवढी समज मला आहे. पण निजामशाहीवर एक कादंबरी लिहायची म्हणून मी काही वर्षे टिपणे काढत होतो, आणि त्या टिपणांत हा विषय पुन्हा पुन्हा समोर आला होता. म्हणून त्याला म्हटले, "बस. मत मागू नकोस. मला जे सापडले तेवढे सांगतो." त्या रात्री जे सांगितले, तेच थोडे नीट मांडून वाचकांपुढे ठेवतो आहे.

सुरुवात आमच्याच गावापासून केली. आज ज्याला अहिल्यानगर म्हणतात ते आमचे नगर 1494 साली मलिक अहमदने वसवले. या अहमदचा बाप मलिक हसन. फिरिश्ता सांगतो की हा हसन मुळात ब्राह्मणाचा मुलगा. नाव तिमाप्पा, बापाचे नाव भैरव. घराणे मूळचे पाथरीचे कुलकर्णी. अहमदशहा बहमनीच्या फौजेने विजयनगरच्या मुलखातून हे पोर पकडून आणले, त्याला मुसलमान केले आणि शहाजाद्याच्या सोबतीला ठेवले. पुढे हेच पोर बहमनी राज्याचे वजीर झाले. त्या मुलाला कोणी विचारले नव्हते. त्याचे आईबाप तेथे नव्हते. खूण करणारा हात घरातला नव्हता, हे ध्यानात ठेवा. पण गंमत अशी की अंगावर खूण करून मनातले गाव पुसता आले नाही. हसनचा नातू बुऱ्हाण निजामशहा याने सोळाव्या शतकात पाथरीसाठी वऱ्हाडच्या इमादशहाशी युद्ध केले, कारण ते आपल्या वाडवडिलांचे गाव होते. तीन पिढ्या गेल्या, धर्म बदलला, भाषा बदलली, पण गाव काही सुटले नाही.

दुसरे उदाहरण शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. 1667 साली औरंगजेबाने नेताजी पालकरांना मुसलमान केले, महम्मद कुलीखान असे नाव दिले आणि दूर काबूलच्या बाजूला पाठवले. नऊ वर्षांनी, 1676 साली, नेताजी परत आले आणि शिवाजी महाराजांनी त्यांना प्रायश्चित्त देऊन पुन्हा पदरात घेतले. शास्त्री-पंडितांच्या त्या काळात हे सोपे नव्हते. शरीरावर जे झाले ते उलटवता येत नाही. पण माणूस कोणाचा हे शरीर ठरवत नाही, त्याला घरात घेणारे ठरवतात, असाच महाराजांच्या त्या कृतीचा अर्थ मी लावतो.

तिसरे उदाहरण श्रीरंगपट्टणचे. 1780 ते 1784 च्या युद्धात इंग्रजांकडचे जे कैदी हैदर आणि टिपू यांच्या हाती लागले, त्यांतल्या कित्येक तरुण पोरांची बळजबरीने सुंता करण्यात आली. जेम्स स्करी नावाच्या अशाच एका कैद्याने पुढे आपली हकीकत लिहून ठेवली. त्याच युद्धात आपल्या कोकणातला एक सुभेदारही कैद झाला होता. त्याचे नाव सामाजी हसाजी दिवेकर. त्याच्या अंगावर मात्र ती खूण आधीपासूनच होती. त्याच्या बापाने, आजाने, पणजाने जपलेली. हा सामाजी कोण, हे सांगायचे तर घाट उतरून समुद्रावर जावे लागेल. आणि माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे खरे मूळही तेथेच आहे.

*

अलिबागच्या उत्तरेला समुद्रकाठी नवगाव नावाचे गाव आहे. कोणे एके काळी तेथल्या खडकांवर एक गलबत फुटले. बाकीचे बुडाले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बुडालेल्यांना काठावरच पुरले, पुरुष एका ठिकाणी, बायका दुसऱ्या. वाचलेल्यांनी गावोगाव पांगून तेलाचे घाणे घातले. ही कथा बेने इस्राएल लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले. गलबत कधी फुटले याविषयी विद्वानांत एकमत नाही. त्यांचे स्वतःचे इतिहासकार हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी 1897 साली पुरा केलेल्या आणि 1937 साली छापून निघालेल्या ग्रंथात हा काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात नेला आहे.

गलबताबरोबर पोथ्या गेल्या, असे ते म्हणत. भाषा गेली. पुरोहित नव्हतेच. त्यांनी मराठी उचलली, लुगडी उचलली, नारळ-पोहे उचलले. राहिले ते काय? शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पंख आणि खवले नसलेला मासा वर्ज्य. 'शेमा' नावाच्या प्रार्थनेचे मोजके शब्द, अर्थ न कळता म्हटलेले. आणि मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता.

या चारांत पहिली तीन रोजची किंवा आठवड्याची. ती सवयीने टिकतात. चौथी गोष्ट वेगळी. तिच्यासाठी दर पिढीत, दर घरात, बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभे राहून एका बापाला पुन्हा नव्याने ठरवावे लागते. पुस्तक नाही, धर्मपीठ नाही, आजूबाजूच्या गावात कोणी करत नाही, करा म्हणून सक्ती नाही, केले नाही तर शिक्षा नाही. तरी शेकडो वर्षे कुठल्याही बापाने 'जाऊ दे' म्हटले नाही. निदान एवढ्यांनी तरी म्हटले नाही की धागा तुटला नाही. बाराव्या शतकातला थोर यहुदी पंडित मोशे मायमोनिडीस याने एका पत्रात हिंदुस्थानातल्या यहुद्यांविषयी लिहिले आहे की, त्यांना शास्त्र ठाऊक नाही, शब्बाथ पाळणे आणि आठव्या दिवशी सुंता करणे एवढेच त्यांच्यापाशी उरले आहे. त्याच्या मनात कोकणचेच लोक होते असे खात्रीने म्हणता येत नाही, पण वर्णन मात्र त्यांना तंतोतंत लागू पडते.

पुढे कोचीनहून दावीद रहाबी नावाचा एक यहुदी गृहस्थ कोकणात आला. परंपरा त्याला फार मागे नेते. बरेच संशोधक त्याला अठराव्या शतकातला मानतात. कथा अशी की त्याने त्या घरच्या बायकांना निरनिराळे मासे एकत्र करून रांधायला दिले, आणि बायकांनी बिनखवल्याचे मासे वेचून बाजूला काढले. पोळपाटाशी बसणाऱ्या बायांनी आणि आठवा दिवस मोजणाऱ्या बापांनी मिळून जे राखले, त्यावरून दूरच्या माणसाने आपला भाऊ ओळखला. मग त्याने तीन घराण्यांतली माणसे निवडून त्यांना विधी शिकवले. तेच त्यांचे काजी.

त्यांच्या घरचा तो दिवस आपल्याला परका वाटणार नाही. सहाव्या दिवशीची रात्र जागवण्याची चाल त्यांच्यातही होती, आणि बाराव्या दिवशी पाळणाही. मधला आठवा दिवस मात्र त्यांचा. त्या दिवशी दोन खुर्च्या मांडतात. एकीवर बाळाला मांडीवर घेणारा वडीलधारा बसतो. दुसरी एलियाहू हन्नाबी या प्रेषितासाठी रिकामी ठेवतात. तो येतो आणि बाळाची राखण करतो अशी श्रद्धा. या एलियाहूवर कोकणच्या बेने इस्राएलांचे प्रेम काही निराळेच. पोहे, गूळ-साखर, नारळ आणि फळे यांचा मलिदा करतात तो त्याच्याच नावाने. मुलाचे नावही आठव्या दिवशी ठरते: घरात सामाजी, शास्त्रात शमुएल.

आता श्रीरंगपट्टणचा सामाजी ओळखीचा झाला. त्याची आख्यायिका अशी की, जात विचारली तेव्हा त्याने 'बेने इस्राएल' असे उत्तर दिले. ते नाव कुराणात आहे हे टिपूच्या आईला ठाऊक होते, तिने रदबदली केली आणि जीव वाचला. सुटून आल्यावर त्याने 1796 साली मुंबईत मांडवीला सिनेगॉग बांधले, मुंबईतले पहिले. त्यालाच पुढे दयेचे द्वार म्हणू लागले. तो ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव सॅम्युअल स्ट्रीट.

*

कोकणचा हा किनारा सोळाव्या शतकात कोणाचा होता? वरचे चौल आमच्या निजामशहाचे आणि खालचे, म्हणजे रेवदंडा, पोर्तुगिजांचे. एकाच खाडीवर दोन राज्ये. आणि याच वेळी नगरच्या दरबारात एक पोर्तुगीज वैद्य येत-जात असे. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य होता आणि मित्रही. 1563 साली गोव्यात त्याचा औषधींवरचा ग्रंथ छापला गेला; आंबा, फणस, हळद, अफू यांची युरोपला नीट ओळख करून देणारा.

पण ओर्ताच्या घराण्याचे एक गुपित होते. त्याचे आईबाप यहुदी. 1497 साली पोर्तुगालच्या राजाने सगळ्या यहुद्यांना बळेच ख्रिस्ती करून घेतले. घरात कोणी दाराआड जुने काही पाळते का, यावर धर्मन्यायालयाची नजर असे. अशा घरात मुलगा जन्मला तर बापाने काय करावे? ती खूण म्हणजे मुलाच्या अंगावर लिहिलेला कबुलीजबाब. कित्येक घरांनी ती सोडून दिली. मेणबत्ती विझवता येते, उपास लपवता येतो, हे लपवता येत नाही. ज्या बापांनी मुलाला वाचवण्यासाठी खूण केली नाही, त्यांना कोण भित्रे म्हणेल? गोव्यात 1560 साली धर्मन्यायालय आले. ओर्ता 1568 साली वारला. दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळले. 1580 साली त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली. तेव्हा त्याला मरून बारा वर्षे झाली होती.

म्हणजे पाहा, एकाच काळात, नगरच्या निजामशहाच्या मुलखात आणि शेजारी, दोन यहुदी बाप. चौलकडचा तेली निर्धास्तपणे आठवा दिवस मोजतो आहे, कारण गावातल्या आगऱ्याला, कुणब्याला, मुसलमानाला, कोणालाच त्यात काही वावगे वाटत नाही. आणि पलीकडच्या पोर्तुगीज शहरातला बाप दाराला कडी लावून बसला आहे. फरक त्या बापांत नाही, राज्यांत आहे. इसवी सनापूर्वी 167 साली सीरियाच्या अंतिओखस राजाने सुंतेवर बंदी घातली आणि बाळांची सुंता करणाऱ्या आयांना मारले. त्या राजाविरुद्धच्या विजयाची आठवण म्हणून यहुदी हनुका नावाचा दिव्यांचा सण करतात. कोकणच्या शनवार तेल्यांना हा दिव्यांचा सण पूर्वी ठाऊकच नव्हता. म्हणूनच केहिमकरांसारखे म्हणतात की आमचे वाडवडील त्याच्या आधीच निघाले असले पाहिजेत. दिवे त्यांना ठाऊक होते ते आपल्याच दिवाळीचे.

विसाव्या शतकात हीच खूण वाचून माणसे मारली गेली. जर्मनांच्या ताब्यातल्या युरोपात लपवलेल्या यहुदी मुलांना तिची धास्ती होती. 1947 च्या दंगलींत आपल्या देशात रस्त्यात माणसे अडवून तीच पाहिली गेली. कुठे ती असली म्हणून मेला, कुठे नसली म्हणून. बापाने मायेने किंवा श्रद्धेने केलेली गोष्ट दुसऱ्याच्या हाती ओळखपत्र झाली की काय होते, ते यात दिसते.

आणि तीच खूण कधी कधी ओळख म्हणून कमीही पडते. स्वातंत्र्यानंतर हजारो बेने इस्राएल इस्राएलला गेले. 1960 च्या सुमारास तेथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या लग्नांबद्दल शंका काढली: इतकी शतके एकटे राहिलात, तुमच्या वंशावळीचा भरवसा काय? ज्यांनी काहीच उरले नसताना आठवा दिवस राखला, त्यांनाच हा प्रश्न! त्यांनी निदर्शने केली, उपोषणे केली, तेव्हा 1964 साली तो अडथळा दूर झाला. महाराष्ट्र सरकारने 2016 साली यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तोवर येथे त्यांची मोजकीच कुटुंबे उरली होती.

*

येथवर ऐकून माझा विद्यार्थी म्हणाला, "म्हणजे गुरुजी, करावी असेच ना? एवढी माणसे टिकली ती त्यावर."

मी म्हटले, "थांब. अजून अर्धे राहिले."

ज्या लोकांनी ही खूण प्राणापलीकडे जपली, त्यांच्याच शास्त्रात तिच्या आड येणारे नियम आहेत, आणि ते फार जुने आहेत. बाळ अशक्त असेल तर थांबा. अंगावर पिवळेपणा असेल तर तो उतरेपर्यंत थांबा. आठवा दिवस टळला तरी चालेल. मायमोनिडीस स्वतः वैद्य होता. त्याने कारण दिले आहे ते असे की, विधी नंतरही करता येतो, गेलेला जीव परत आणता येत नाही. आणि सर्वांत विलक्षण नियम असा: एका आईचे दोन मुलगे सुंतेनंतर दगावले असतील, तर तिसऱ्याची करू नये. तालमूद या त्यांच्या ग्रंथात चार बहिणींची हकीकत आहे. थोरलीने आपल्या मुलाची सुंता केली, तो गेला. दुसरीचा गेला. तिसरीचा गेला. चौथी गुरूंकडे आली, तेव्हा ते म्हणाले, तू करू नकोस.

दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या ग्रंथाला कळले होते की काही घरांत रक्त थांबत नाही, आणि तो दोष बहिणीबहिणींच्या मुलांत, म्हणजे आईच्या बाजूने उतरतो. आज डॉक्टर त्याला हिमोफिलिया म्हणतात. साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला त्याचा नेहमीचा प्रकार असतो. आई स्वतः बहुधा ठणठणीत असते. दोष मुलात दिसतो. आणि ज्याची सुंता अशा कारणाने झाली नाही तो मुलगा काय परका ठरतो? नाही. यहुदी आईच्या पोटी जन्मला तो यहुदीच.

मुसलमानांतही ही गोष्ट एका पद्धतीने सांगितलेली नाही. कोकणी मुसलमान शाफई. त्यांच्या मते सुंता आवश्यक. आपल्या नगरकडचे बहुतेक हनफी; त्यांच्यात ती सुन्नत मानतात, म्हणून तर तिला सुन्नत म्हणायचे. दिवसही ठरलेला नाही. कोणी सातव्या दिवशी करतो, कोणी सातव्या वर्षी. ख्रिस्ती लोकांनी पहिल्याच शतकात, पौलाच्या आग्रहाने, परजातीय शिष्यांना ती माफ केली. आमच्या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत बाप्तिस्म्याचे पाणी डोक्यावरून ओघळते आणि वाळून जाते. आपणही बाराव्या दिवशी सोनाराकडून बाळाचे कान टोचतोच. ते बाळाला विचारून नव्हे. तेव्हा न विचारता मुलाच्या अंगाला हात लावणारे काही एकटे तेच नाहीत. मात्र कानाचे भोक बुजते, हे बुजत नाही, एवढा फरक मानला पाहिजे.

आता डॉक्टरांचे. मी वाचले ते असे. आफ्रिकेत तीन ठिकाणी मोठ्या माणसांवर प्रयोग झाले, त्यांत सुंता झालेल्या पुरुषांना स्त्रियांकडून एड्सची लागण होण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी आढळले. म्हणून 2007 साली जागतिक आरोग्य संघटनेने तो रोग फार असलेल्या देशांत तिची शिफारस केली. तान्ह्या मुलांना मूत्रमार्गाचा संसर्ग कमी होतो, हेही खरे. पण तो मुलग्यांना मुळातच क्वचित होतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने 2012 साली म्हटले की लाभ धोक्यांहून जास्त आहेत, पण सगळ्या नवजात मुलांची सरसकट करा असे सांगण्याइतके नाहीत, निर्णय आईबापांचा. हॉलंडच्या डॉक्टरांच्या संघाने 2010 साली उलट सांगितले: आजाराचे कारण नसेल तर मुलगा स्वतः ठरवण्याइतका मोठा होईपर्यंत थांबावे. 2012 साली जर्मनीत कोलोनच्या न्यायालयाने ती मुलाला झालेली इजा ठरवली, देशभर गदारोळ झाला, आणि त्याच वर्षाअखेर तेथल्या संसदेने कायदा करून आईबापांचा अधिकार कायम ठेवला. अट एवढीच की शास्त्रशुद्ध रीतीने व्हावी. म्हणजे शहाण्यांतही दोन तट आहेत.

"मग तुम्ही कोणत्या तटात?" त्याने विचारले.

मी विचार करून सांगितले. ज्यांच्या घरी ही रीत नाही त्यांनी केवळ आरोग्याच्या नावाखाली निरोगी तान्ह्या मुलावर शस्त्र चालवावे, याला मला पुरेसे कारण दिसत नाही. आपल्या देशात कोणी तसे सुचवतही नाही. ज्यांच्या घरी आहे, त्यांचा हात सरकारने किंवा शेजाऱ्याने धरावा हे मला पटत नाही. अंतिओखसपासून आजवर असे हात कोणाचे होते ते आपण पाहिले. पण म्हणून घाई कोणी करू नये. 'आला आहात तर उरकून घ्या' हे वाक्य ना शास्त्राचे, ना वैद्यकाचे. बाळ पिवळे असताना तर नाहीच. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाच्या अंगात के जीवनसत्त्व फार कमी असते आणि रक्त नीट गोठत नाही, म्हणून तर आता जन्मतःच त्याची सुई देतात. मूल धडधाकट असावे, हात जाणत्याचा असावा, वेदना कमी करण्याची सोय असावी, आणि घरात रक्ताचा दोष आहे का हे आधी विचारावे. बायको जे विचारते, 'ज्याचे अंग त्याला विचारा', त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ते तिचे खरेच आहे. आईबाप मुलासाठी जे जे ठरवतात, नाव, भाषा, धर्म, शाळा, त्यांतले काहीच त्याला विचारून नसते. पण त्यातले बहुतेक मोठेपणी बदलता येते, हे येत नाही. म्हणून निदान एवढे व्हावे: उद्या मुलाने विचारले तर बापाला त्याच्या डोळ्यांत पाहून कारण सांगता यावे. 'खेप वाचली' हे काही सांगण्यासारखे कारण नव्हे.

तो गप्प होता. मग हळूच म्हणाला, "गुरुजी, ती चार बहिणींची गोष्ट पुन्हा सांगा."

पुन्हा सांगितली. तेव्हा त्याने सांगितले की, बायकोला एक मोठा भाऊ होता. सहाव्या वर्षी त्याची सुन्नत झाली, घोडा आला होता, ताशे वाजले होते. रक्त थांबलेच नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला. घरच्यांनी दोष दिला तो न्हाव्याच्या वस्तऱ्याला आणि त्याच्या हाताला. तेव्हापासून त्या न्हाव्याला त्या मोहल्ल्यात कोणी दारात उभे केले नाही.

मी म्हटले, "दिवाळी कर नाहीतर नको करू, पण उद्या सकाळी डॉक्टरांना हे आधी सांग."

*

तपासणीला काही दिवस लागले. दोष होता. डॉक्टरांनी समजावून सांगितले की आज यावर औषध आहे; रक्तात जे कमी आहे ते सुईने देता येते, मुलगा शाळेत जाईल, खेळेल, फक्त जपायला हवे. सुंतेचे म्हणाल तर सगळी तयारी असलेल्या मोठ्या रुग्णालयात पुढे कधी करताही येईल, पण आज तिचे नावही काढू नका.

मी मुलाला पाहायला गेलो तेव्हा दादी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मला वाटले, घोडा आणि ताशे गेल्याचे तिला दुःख असेल. तसे मी चाचरत म्हणालो. ती म्हणाली, "गुरुजी, जन्मला त्याच दिवशी याच्या कानात अजान दिली आहे. ती कुठे दिसते का? पण हा आमचाच ना?"

माझी निजामशाहीची कादंबरी अजून पुरी झालेली नाही. पण पाथरीपासून नवगावापर्यंतची टिपणे काढून जे मला नीट मांडता आले नव्हते, ते त्या म्हातारीने बाळाचे टोपडे सारखे करता करता सांगून टाकले.

निघताना कळले की बायकोची आई घरात नाही. सकाळीच ती एकटी, हातात मिठाईचा डबा घेऊन, त्या म्हाताऱ्या न्हाव्याच्या घराकडे गेली होती.